जुन्या कॅसेटी आणि मोबाईलमधले जुने आवाज : कसे बदलावेत, कसे राखावेत



एरवी या पत्रकात आपण कापसावरील बोंडअळी, केळीवरील करपा, हरभऱ्याची पेरणी असे विषय घेतो. या खेपेचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. तरी तो येथे घेतला आहे, कारण यात उशीर झाला तर नुकसान पुढच्या हंगामात भरून निघत नाही.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे आखाजीला झोक्यावरची गाणी म्हणतात, श्रावणात कानबाईची गाणी होतात, लग्नघरी हळदीची गाणी रात्र रात्र चालतात. साधारण २००५ ते २०१० च्या सुमारास बटणांचे मोबाईल खेडोपाडी पोहोचले. तेव्हा कुणी नातवाने आजीसमोर फोन धरून चार गाणी भरून घेतली. कुणी वडिलांकडून जुन्या देशी कापसाची, दादर ज्वारीची माहिती बोलवून घेतली. त्याआधीच्या पिढीने टू-इन-वन टेपरेकॉर्डरवर कॅसेटी भरल्या. १९७६ मध्ये आकाशवाणीचे जळगाव केंद्र सुरू झाल्यानंतर रेडिओवरचे शेतीविषयक भाषणही कित्येकांनी कॅसेटवर उतरवून ठेवले होते.

आता ते मेमरी कार्ड नव्या फोनमध्ये घातले की पडद्यावर येते, ही फाईल उघडता येत नाही. माणूस समजतो की फाईल खराब झाली, आणि जागा मोकळी करायची म्हणून पुसून टाकतो. म्हणून सर्वांत पहिली सूचना : पुसू नका. दहापैकी बऱ्याच वेळा आवाज आत शाबूत असतो.

आवाज गेलेला नाही, साचा बदलला आहे

मोबाईलमध्ये किंवा संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात ठेवलेला असतो. हे आकडे कोणत्या रीतीने बांधून ठेवले, त्याला फॉरमॅट म्हणतात. आपण त्याला साचा म्हणू. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन तीन-चार इंग्रजी अक्षरे असतात, त्यावरून साचा कळतो. जुन्या बटणांच्या फोनमध्ये बहुधा एएमआर असे आढळेल. चित्रफितीसह असेल तर थ्रीजीपी. जुन्या संगणकावरून उतरवलेली गाणी डब्ल्यूएमए या साच्यात असू शकतात.

एएमआर हा साचा मुळात टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी तयार झाला. १९९९ मध्ये तो मोबाईलसाठी प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. त्यात दर सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतले जातात आणि माणसाच्या बोलण्याला लागेल तेवढाच स्वरांचा पट्टा ठेवला जातो. त्यामुळे फाईल फार लहान होते. चांगल्यातल्या चांगल्या प्रतीलासुद्धा एका तासाला सुमारे साडेपाच एमबी जागा पुरते. त्या काळच्या फोनमध्ये जागाच कमी, म्हणून ही काटकसर. बोलणे त्यात स्पष्ट राहते, पण गाण्यात टाळ, संबळ, डफ यांचा आवाज फाटल्यासारखा येतो. हा दोष तुमच्या कार्डाचा नाही, त्या साच्याचाच आहे.

याच्या उलट टोकाला वेव्ह हा साचा. यात आवाज जसाच्या तसा, काहीही न गाळता ठेवतात. म्युझिक सीडीच्या प्रतीने ठेवला तर एका तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. फ्लॅक या साच्यातही काही गाळले जात नाही, फक्त घडी घालून ठेवतात, त्यामुळे जागा बरीच वाचते. आणि मधला म्हणजे सर्वांच्या ओळखीचा एमपीथ्री. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग तो गाळून टाकतो. १२८ च्या प्रतीने तासाला सुमारे ५८ एमबी. एमपीथ्रीवरील पेटंटचे हक्क २०१७ पर्यंत संपले, त्यामुळे आज तो कोणत्याही फोनमध्ये, गाडीतल्या टेपमध्ये, देवळातल्या लाऊडस्पीकरच्या पेटीतसुद्धा वाजतो. ऐकण्यासाठी आणि वाटण्यासाठी एमपीथ्री घ्यावा, यात काही वाद नाही.

मूळ फाईल म्हणजे बियाणे

येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. काहींना वाटते की जुनी फाईल मोठ्या साच्यात घातली की आवाज सुधारेल. तसे होत नाही. लोणी काढून घेतलेल्या ताकाचे पुन्हा दूध होत नाही. एएमआरमधून जे एकदा गळाले ते वेव्ह केल्याने परत येत नाही. फक्त फाईल फुगते.

आणि दुसरी बाजू याहून महत्त्वाची. एमपीथ्रीसारख्या गाळणाऱ्या साच्यात प्रत्येक वेळी नव्याने बदल केला की प्रत्येक वेळी थोडे गळते. एएमआरचा एमपीथ्री, त्याचा पुन्हा दुसरा साचा, त्यातून पुन्हा एमपीथ्री, असे चार हातांतून गेलेले गाणे बघा, आजीचा आवाज घागरीतून बोलल्यासारखा होतो.

म्हणून जी फाईल पहिल्यांदा भरली गेली ती बियाण्यासारखी बाजूला काढून ठेवावी. नवीन फोनवर ती वाजो न वाजो, तिला हात लावू नये. तिची नक्कल घ्यावी, नकलेचा एमपीथ्री करावा आणि तो खुशाल घरभर वाटावा. पुढे दहा वर्षांनी दुसरा एखादा साचा आला, तर पुन्हा मूळ फाईलवरूनच नवी प्रत काढता येईल. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांनी वर्षानुवर्षे चांगल्या झाडाचे बी वेगळे धरले, त्यांच्यामुळे ते वांगे टिकले. भाजीला तोडायचे फळ आणि बियाला राखायचे फळ यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. येथेही तोच आहे.

इंटरनेटवर फाईल बदलून घेताना

बदलण्याची घाई करण्याआधी फोनमध्ये व्हीएलसी नावाचे फुकट मिळणारे ॲप घेऊन फाईल वाजवून बघा. बहुतेक जुने साचे त्यात वाजतात. घरच्या घरी ऐकण्यापुरते काम एवढ्यावरच भागते.

दुसऱ्याला द्यायची, कार्यक्रमात वाजवायची तर मात्र साचा बदलावा लागतो. इंटरनेटवर हे काम फुकट करून देणारी पुष्कळ संकेतस्थळे आहेत. त्यांची रीत सारखीच असते. आपण आपली फाईल निवडायची, ती त्यांच्या दूरच्या संगणकावर चढते. कोणत्या साच्यात हवी ते सांगायचे. तेथे ती बदलली जाते आणि आपण ती परत उतरवून घ्यायची. एएमआरची लहान फाईल असेल तर हे मिनिटभरात होते. तासाभराची वेव्ह फाईल मात्र अशी चढवू नये. दिवसाचा डेटा त्यातच संपतो, आणि फुकट सेवेत एवढी मोठी फाईल बऱ्याचदा घेतही नाहीत.

गाणी ठीक. पण जुन्या फोनमध्ये केवळ गाणी नसतात. वाटणीच्या बैठकीतले बोलणे, व्यापाऱ्याशी झालेला सौदा, घरातला तंटा, कुणाच्या आजारपणाची गोष्ट, असेही काही भरलेले असते. आपण फाईल चढवली म्हणजे तिची एक नक्कल अनोळखी माणसाच्या ताब्यात दिली, हे ध्यानात असू द्या. थोड्या वेळाने पुसून टाकतो असे ते लिहितात. ते खरे असेलही, पण आपल्याला तपासता येत नाही. खाजगी बोलणे अशा ठिकाणी चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धोका आणखी एक आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या डेन्व्हर येथील कार्यालयाने लोकांना सावध केले होते की फाईल बदलून देण्याच्या नावाखाली काही खोटी संकेतस्थळे संगणकात घातक प्रोग्राम घुसवतात आणि पासवर्ड, बँकेची माहिती काढून घेतात. ते अमेरिकेत झाले म्हणून आपल्याला काय, असे म्हणू नका. ज्या फोनवर पीएम किसानचा हप्ता आल्याचा संदेश येतो आणि ज्यावरून पैसे पाठवले जातात, त्याच फोनवर आपण हे काम करतो.

तेव्हा ओळखायचे कसे? पानावर 'डाउनलोड'ची तीन-चार मोठी बटणे दिसली तर त्यातली बहुतेक जाहिरातीची असतात, हे समजून चालावे. एमपीथ्री मागितला आणि हातात ईएक्सई किंवा एपीके अशा शेपटीची फाईल आली, तर ती न उघडता पुसावी. आवाज बदलायला आपल्या फोनमध्ये दुसरे काही बसवावे लागत नाही. तसे कुणी सांगत असेल तर पान बंद करावे. मोबाईल नंबर, ओटीपी, आधार यांचा या कामाशी सुतराम संबंध नाही.

एक सोपी परीक्षा सांगतो. काही संकेतस्थळे फाईल कोठेही न पाठवता आपल्याच फोनच्या ब्राउझरमध्ये बदल करतात. पान पूर्ण उघडले की फोनचा डेटा व वायफाय दोन्ही बंद करा आणि मग फाईल निवडून बदलायला सांगा. तरीही काम झाले तर ते आपल्याच फोनमध्ये झाले. इंटरनेट नाही म्हणून अडले, तर फाईल बाहेर जात होती.

संगणक उपलब्ध असेल तर हा सगळा खटाटोप टळतो. ऑडॅसिटी नावाचा फुकट प्रोग्राम २००० सालापासून आहे आणि खात्रीचा आहे. तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. एएमआर उघडण्यासाठी त्याला एफएफएमपेग नावाची जोड लागते, तीही फुकट. फाईल उघडायची आणि 'एक्स्पोर्ट'मध्ये जाऊन एमपीथ्री निवडायचा. बोलण्यासाठी मोनो आणि ६४ ची प्रत पुरे, गाण्यासाठी १२८ घ्यावी. घरात कॉलेजात जाणारे कुणी असेल तर त्याला एकदा हे वाचून दाखवा, अर्ध्या तासात शिकेल. आणि व्हॉट्सॲपवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे फाईल आहे तशीच जाते.

कॅसेट असेल तर

कॅसेटचे काम जास्त नाजूक आहे आणि त्यालाच जास्त घाई आहे. फिलिप्स कंपनीने ही कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली. आत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत असते आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. फीत अजून टिकून असेल, पण वाजवायचे यंत्र कोठे आहे? २०१९ मध्ये युनेस्कोने ध्वनि-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या साथीने चुंबकीय फितींबाबत जगभर इशारा दिला तो याच कारणाने : यंत्रे, सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारे कारागीर झपाट्याने कमी होत आहेत.

त्यात आपला मुलूख खानदेशाचा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर, लोखंडी पेटीत ठेवलेल्या कॅसेटचे काय होत असेल याचा विचार करा. उष्णतेने डबी वाकते, पावसाळ्यातल्या ओलीने फितीवर पांढरी बुरशी धरते. बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नये. ती यंत्रालाही लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. जाणत्या माणसाकडून ती साफ करून घ्यावी.

कॅसेट बरी दिसत असेल तर वरच्या कडेला मागच्या बाजूस दोन लहान पापुद्रे असतात, ते आधी मोडून टाकावेत. मग चुकून लाल बटण दाबले गेले तरी जुना आवाज पुसला जात नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडवर आणि रबरी चाकावर साचलेली काळपट घाण कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसावी. नंतर सगळी फीत एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून राहिलेले पदर मोकळे होतात. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून यंत्र फीत खात नाही ना, एवढे बघून घ्या. फीत तुटलीच तर साधी सेलोटेप लावू नका. तिचा डिंक उन्हाळ्यात पसरतो आणि शेजारचे पदर चिकटतात. फीत जोडण्याची वेगळी पट्टी मिळते, तीच वापरावी.

टेपरेकॉर्डरच्या समोर मोबाईल ठेवून भरून घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती टाळावी. त्यात आजीच्या गाण्याबरोबर पंख्याची घरघर, कोंबड्या आणि शेजारच्या पाण्याच्या मोटारीचा आवाजही कायमचा भरला जातो. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाच्या लाईन-इनला जोडावी. लॅपटॉपला ते छिद्र नसेल तर लाईन-इन असलेले यूएसबीचे लहान साउंड कार्ड बाजारात मिळते. ऑडॅसिटीत ४८,००० नमुने, १६ बिट, मोनो असे ठेवून वेव्हमध्ये भरावे. तासाला सुमारे ३४५ एमबी लागतील. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नये. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. आणि एक लक्षात घ्या, साठ मिनिटांची कॅसेट भरून घ्यायला साठ मिनिटेच लागतात, येथे घाई चालत नाही. पेटीत वीस कॅसेटी असतील तर रोज एक याप्रमाणे वीस दिवसांचे काम धरा. कापूस वेचणीच्या धांदलीत ते होणार नाही, उन्हाळ्यात आखाजीच्या आधी काढावे.

नाव, गाव, तारीख

फाईल वाचली, पण कुणाचा आवाज तेच ठाऊक नाही, असे झाले तर अर्धे काम वाया. फोन आपोआप जे नाव देतो ते निरुपयोगी असते. फाईलच्या नावात साल, गाव, व्यक्ती आणि विषय लिहावा. सोबत वहीत किंवा वेगळ्या फाईलमध्ये बोली कोणती तेही लिहा : अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी. माहेर कोणते, गाणे कुणाकडून शिकले, हे घरात सांगणारे माणूस आहे तोवरच विचारून घ्यावे.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी आज महाराष्ट्रभर शाळेत शिकवली जातात, ती मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने वेळीच कागदावर उतरून घेतली म्हणून. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांचा संग्रह छापून आला. कागदावर शब्द राहतात, हेल राहत नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या १९०७ च्या खंडात आपल्या खानदेशी बोलीचे नमुने छापलेले आहेत, पण धुळ्याकडची बाई तेच वाक्य कसे ओढून म्हणे, ते त्यातून ऐकू येत नाही. तुमच्या कार्डातली ती खरखरती फाईल म्हणूनच मोलाची आहे.

जात्यावरच्या ओव्यांचे काम या बाबतीत बघण्यासारखे आहे. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्यामुळे सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने २०१७ पासून ते लोकांसमोर ठेवले. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. आपल्या घरच्या चार गाण्यांनाही एवढा मान द्यायला काही पैसे पडत नाहीत.

मूळ फाईल आणि वेव्ह यांच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, लेकीच्या सासरी म्हणा किंवा पुण्या-मुंबईला राहणाऱ्या मुलाकडे. पेनड्राइव्हवर एकट्यावर भिस्त ठेवू नये. वर्षानुवर्षे न लावता ठेवलेला पेनड्राइव्ह रिकामा निघू शकतो. दिवाळीच्या साफसफाईत एकदा तिन्ही प्रती वाजवून बघाव्यात, सुरुवात आणि शेवट दोन्ही. कॅसेट भरून झाली म्हणून फेकू नये. पूर्ण गुंडाळून, डबीत उभी, आतल्या थंड खोलीतल्या कपाटात ठेवावी. स्पीकरजवळ नको, त्यातल्या लोहचुंबकाने आवाज पुसला जातो. गाणारीला विचारल्याशिवाय तिचे गाणे गावभर पाठवू नये. सिनेमाची गाणी आणि रेडिओवरून उतरवलेले कार्यक्रम यांचे हक्क दुसऱ्यांचे असतात, ते घरापुरतेच ठेवावेत.

आणि गाणारी आजी अजून घरात असेल, तर जुन्या फाईलच्या मागे लागण्याआधी तिचे नवे ध्वनिमुद्रण करा. फोनच्या रेकॉर्डरमध्ये सेटिंगला जाऊन सर्वांत वरची प्रत निवडा. पंखा आणि टीव्ही बंद करा, खोलीत गोधड्या-गाद्या असतील तर आवाज घुमत नाही. फोन तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उशीवर ठेवा, हातात धरू नका. गाण्याआधी तिला तिचे नाव, माहेरचे गाव आणि हे गाणे कधी म्हणतात ते बोलू द्या. मध्येच ती थांबली, आठवायला लागली, तर बंद करू नका, चालू राहू द्या.